‘एका वाक्यात उत्तरे लिहा’

गेल्या श्रावणात लातूर जिल्ह्यातील एका लहान गावच्या शाळेत, तेथील मुख्याध्यापक माझे जुने विद्यार्थी असल्यामुळे त्यांच्या आग्रहास्तव, मी आठवीच्या वर्गाला ‘आमचे शेत’ या विषयावर काही ओळी लिहावयास सांगितल्या. आणि तास संपताना जमा झालेल्या वह्यांपैकी पहिलीच वही उघडली, तेव्हा तीत पुढील मजकूर होता : ‘आमच्याकडे चार एकर जमीन आहे. आमची जमीन काळी आहे. आमच्या शेतात विहीर आहे. विहिरीला पाणी कमी आहे. माझे वडील कष्टाळू आहेत. यंदा सोयाबीन चांगले आहे. पण सोयाबीनला भाव कमी आहे.’ अक्षर टपोरे होते, शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती, आणि परीक्षकाच्या नात्याने या उत्तराचे गुण कापण्यास मजपाशी कोणतीही सबब नव्हती. तरीही सात वाक्यांच्या शेवटी सात वेळा येऊन आदळलेल्या त्या ‘आहे’ने मन खिन्न झाले. चार एकरांवर जगणाऱ्या एका कुटुंबाची वर्षभराची चिंता त्या सात वाक्यांत होती, आणि ती वाचणाऱ्यापर्यंत पोचत नव्हती.

वही मिटून मी त्या मुलाला जवळ बोलाविले आणि सहज विचारले, ‘काय रे, शेताचं कसं काय यंदा?’ तो म्हणाला, ‘सर, औंदा सोयाबीन आलंय बगा झकास, पण भावच न्हाई तर काय करावं? इहिरीला पाणी न्हाई. बाप नुसता राबराब राबतोय.’

लिहिताना ज्याच्या सातही वाक्यांचा साचा एकच होता, त्याच मुलाच्या तोंडी क्षणार्धात किती रूपे आली पाहा. क्रियापद पुढे ओढून पिकाचा आनंद आधी सांगितला, ‘पण’ म्हणून तो मोडला, ‘तर’ घालून एक अट उभी केली, तिचा शेवट उत्तर नसलेल्या प्रश्नात केला, मग विहिरीविषयीचे अगदी आखूड वाक्य टाकले, आणि अखेरीस बापाच्या श्रमासाठी एकाच क्रियापदाची द्विरुक्ती करून वाक्य लांबविले. हे त्याला कोणी शिकविले नव्हते. ते त्याने आजीच्या ओसरीवर, मोंढ्यात आडत्याशी चाललेल्या घासाघिशीत आणि सप्ताहातल्या कीर्तनात ऐकून कमावले होते. वाक्यांचे वैविध्य आपल्या मुलांना नव्याने द्यावयाचे नाही. ते त्यांच्यापाशी आहे. तोंडापासून वहीपर्यंतच्या वाटेत ते कोठे हरवते, एवढेच आपण शोधावयाचे आहे.

माझ्या मते ते हरवण्याची जागा निश्चित सांगता येते. तिसरी-चौथीच्या वर्गात ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ या शीर्षकाखाली जो स्वाध्याय सुरू होतो, त्यात ‘गोदावरी नदी कोठे उगम पावते?’ असे विचारले की मुलाने प्रश्नातलेच शब्द उचलून ‘गोदावरी नदी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते’ असे लिहावयाचे, म्हणजे प्रश्नातील एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द बसविला की उत्तर पूर्ण झाले, असा शिरस्ता आहे. नुसते ‘त्र्यंबकेश्वरजवळ’ असे लिहिणाऱ्याचा अर्धा गुण जातो. लहान वयात कर्ता-कर्म-क्रियापदाचा सांगाडा हाती बसावा म्हणून ही तालीम योग्यच होय, आणि तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती ही, की घर उभे राहिल्यावर परांची उतरवावी लागते, याचा विसर पडून दहावीपर्यंत मूल त्याच परांचीवर उभे राहते. ‘थोडक्यात उत्तरे लिहा’ म्हणजे अशी तीन वाक्ये, ‘सविस्तर उत्तर लिहा’ म्हणजे अशी बारा वाक्ये, आणि निबंध म्हणजे अशी पंचवीस. आणि ती पंचवीसही बहुधा कोणाच्या तरी छापील निबंधसंग्रहातून पाठ केलेली. पावसाळ्यातल्या दिवसापासून शेतकऱ्याच्या मनोगतापर्यंत सारे काही तयार मिळत असताना, शेतकऱ्याच्याच मुलाने बापाचे मनोगत पुस्तकातून पाठ करावे, हे दृश्य मी वर्षानुवर्षे पाहिले आहे आणि ते मला कधीही सहन झाले नाही.

नांदेड आणि लातूर ही दोन नावे आज महाराष्ट्राच्या शैक्षणिक नकाशावर मोठ्या अक्षरांत आहेत. १९७० साली स्थापन झालेल्या लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जादा तास, नित्याच्या चाचण्या आणि प्रश्नसंचांचा अथक सराव यांची जी पद्धत घडविली, ती पुढे ‘लातूर पॅटर्न’ या नावाने राज्यभर गाजली. हेच वाघमारे पुढे १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. ज्या भूभागाला पुण्या-मुंबईकडील माणसे मागास म्हणून ओळखीत, तेथल्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मुलामुलींनी गुणवत्ता यादीत अव्वल स्थाने मिळवून दाखविली, हे या पद्धतीचे ऋण मान्य न करणारा माणूस कृतघ्न म्हणावा लागेल. परंतु पद्धतीचा गाभा असलेला सराव हा उत्तराचा होता, वाक्याचा नव्हता. पुढे वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’ आली, आणि १८० प्रश्नांच्या, ७२० गुणांच्या त्या परीक्षेत उत्तर लिहावयाचेच उरले नाही; चार पर्यायांपैकी एका पर्यायाचे वर्तुळ रंगविले की काम झाले. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, पण मराठीतून दिली तरी तीत मराठीचे एकही वाक्य लिहावे लागत नाही. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत द्वितीय भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान हा विषय घेण्याची मुभा असल्यामुळे, राज्याच्या कानाकोपऱ्यांतून या दोन शहरांत येऊन खोल्या भाड्याने घेणाऱ्या हुशार मुलांपैकी कित्येकांचा मराठी गद्यलेखनाशी असलेला संबंध वयाच्या सोळाव्या वर्षी कायमचा तुटतो. त्यानंतर त्यांतला एखादा डॉक्टर होतो, रुग्णाला आजार समजावून सांगतो, इस्पितळाच्या कमिटीला अहवाल देतो, आणि त्याच्या हाती असलेले वाक्य तिसरीतलेच असते.

लेखनाची गरज संपलेली नाही, याचा दाखला परीक्षांच्याच जगातून मिळतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे ठरविले, तेव्हा २०२३ च्या आरंभी पुण्यात परीक्षार्थी रस्त्यावर बसले आणि त्या निर्णयाचा अंमल २०२५ पर्यंत पुढे गेला. त्या मुलांना मी दोष देत नाही. बारा-पंधरा वर्षे ज्याला पर्याय निवडावयास शिकविले, त्याला एकाएकी निबंध लिहावयास बसविणे हा अन्यायच होता. परंतु मुदतवाढीने भीती पुढे ढकलली जाते. वाक्य काही त्याने हाती येत नाही.

येथे कोणी म्हणेल, की वाक्ये निरनिराळ्या घाटांची असावीत हा अलंकाराचा, हौसेचा भाग झाला. आशय कळला की पुरे. हा समज मला मुळापासून चुकीचा वाटतो. ‘पाऊस पडला. वडिलांनी तिफण जुंपली. त्यांनी पेरणी केली.’ या तीन वाक्यांत तीन घटना एकीशेजारी एक ठेवलेल्या आहेत. त्यांचे परस्परांशी नाते काय, हे वाचकाने आपल्या मनाने ठरवावयाचे आहे. ‘पाऊस पडताच तिफण जुंपून वडिलांनी पेरणी उरकली’ असे म्हटले की घाई दिसते. ‘पाऊस पडला म्हणूनच तिफण जुंपली’ म्हटले की कारण दिसते, आणि पाऊस पडला नसता तर काय झाले असते तीही भीती मागे उभी राहते. ‘ज्या दिवशी पाऊस पडला, त्याच दिवशी वडील तिफण घेऊन निघाले’ म्हटले की त्या माणसाचा स्वभाव दिसतो. घटना त्याच, आणि विचार तीन. ज्या मुलाला यांपैकी एकच घाट येतो, त्याच्या विचारालाही एकच वाट उरते. मनात कार्यकारणभाव स्पष्ट असूनही कागदावर तो केवळ यादी करून थांबतो.

याच कारणाने शालेय व्याकरणातील एका जुन्या सूचनेशी माझा मतभेद आहे. ‘अर्थ न बदलता वाक्यरूपांतर करा’ असा प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारीत आलो. विधानार्थी वाक्याचे उद्गारार्थी करा, होकारार्थीचे नकारार्थी करा, मिश्राचे केवल करा. मूल ते गणितातल्या समीकरणाप्रमाणे करून मोकळे होते आणि मोजके गुण पदरात पाडून घेते. पण ‘विहिरीला पाणी कमी आहे’ आणि ‘विहिरीला पाणी आहेच कुठे!’ यांचा अर्थ एक आहे, असे कोणता शेतकरी म्हणेल? तपशील एक असेल. अर्थ एक नाही. प्रश्नपत्रिकेत ती सूचना राहो, परंतु वर्गात शिक्षकाने तिच्या नेमके उलट विचारावे : वाक्य बदलले, आता अर्थात काय बदलले ते सांगा. वाक्यरूपांतराचा सारा प्रपंच ज्यासाठी आहे, तो हाच प्रश्न आहे, आणि तो विचारला जात नाही.

दुसरे असे, की वाक्यरचनेविषयीचा उपदेश आपण पुष्कळदा इंग्रजीच्या पुस्तकांतून उचलतो आणि वाक्यांचा प्रारंभ बदला, एकाच शब्दाने दोन वाक्ये सुरू करू नका, असे सांगतो. इंग्रजीत तो उपदेश रास्त असेल. मराठीचा एकसुरीपणा मात्र वाक्याच्या तोंडाशी कमी आणि शेवटाशी अधिक असतो, कारण आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते, आणि ‘आहे’, ‘होते’, ‘असते’ यांची रांग लागली की कानावर ठोके पडू लागतात. म्हणून मराठीच्या शिक्षकाने वहीतील वाक्यांचे शेवटचे शब्द तेवढे अधोरेखित करावेत. रोग असेल तर तेथेच दिसेल. आणि त्यावरचे उपायही भाषेच्या घरातलेच आहेत. ‘विहीर खोल, पाणी तळाला’ असे म्हणून क्रियापद गाळता येते, आणि मराठी वाक्य तरीही पूर्ण राहते. ‘जाऊन’, ‘जाताना’, ‘गेल्यावर’, ‘गेला असता’ अशी धातुसाधिते एका वाक्यात तीन क्रिया सुखाने नांदवितात. ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’, ‘जसे-तसे’ यांची जोडी वाक्याला तराजूसारखी दोन पारडी देते. शिवाय शब्दांची जागा बदलण्याची मोकळीक : ‘वडिलांनी विहीर खणली’ हे केवळ वृत्त झाले, ‘विहीर वडिलांनी खणली’ म्हटले की श्रेय कोणाचे ते ठरते, आणि ‘खणली ती वडिलांनीच’ म्हटले की वाद मिटतो. इतकी श्रीमंती घरात असून मुलाच्या हाती एकच नाणे द्यावयाचे, हे योग्य नव्हे.

मराठी गद्याचा इतिहास पाहिला तर ही श्रीमंती किती जुनी आहे ते कळते. तेराव्या शतकातील म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात लहान लहान वाक्ये ‘मग’ ‘मग’ करीत चालतात आणि तरीही कंटाळा येत नाही, कारण मध्येच कोणी बोलते, कोणी पुसते, आणि वाक्याची चाल पालटते. मोडी दप्तरांत तर विरामचिन्हेच नव्हती. शब्दही एका रेघेखाली जोडून लिहिलेले असत. वाक्य कोठे वळले आणि कोठे थांबले हे वाचणाऱ्या कारकुनाला ‘सबब’, ‘ऐसियास’, ‘येणेप्रमाणे’ अशा शब्दांवरून कळत असे, म्हणजे पूर्णविरामाचे काम वाक्याच्या बांधणीलाच करावे लागे. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला सुरू केली आणि लांब पल्ल्याचे, अनेक पोटवाक्ये पोटात घेऊन शेवटच्या क्रियापदावर येऊन ठाकणारे वाक्य सुशिक्षितांच्या हाती दिले.

आमच्या मराठवाड्याला ते वाक्य उशिराने मिळाले. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. माझ्या आधीच्या पिढीतले कितीतरी वडीलधारे घरी मराठी बोलत आणि अर्ज उर्दूत लिहीत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि त्यानंतर दोनच वर्षांत, १९५० साली, स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, या घटनेकडे मी आपल्या गद्याच्या इतिहासातील घटना म्हणून पाहतो. त्याच कॉलेजात पुढे नरहर कुरुंदकर मराठीचे अध्यापक आणि नंतर प्राचार्य झाले. १९३२ ते १९८२ हे पन्नाशीही पूर्ण न झालेले आयुष्य. इंटरची परीक्षा पहिल्या प्रयत्नात काही साधली नव्हती. आणि तरीही विचारप्रधान मराठी गद्याचा नमुना कोणाचा वाचावा असे विद्यार्थ्याने विचारले, तर या दोन जिल्ह्यांत मी त्यांचेच नाव प्रथम घेईन. त्यांचे गद्य व्याख्यानाच्या मुशीतून आलेले. एक आखूड, निःसंदिग्ध विधान करावे, श्रोता चमकला की त्याच्या मनात येणारा आक्षेप स्वतःच उभा करावा, मग दीर्घ वाक्यांत एकेक पुरावा लावीत जावे आणि पुन्हा एका आखूड वाक्यावर येऊन थांबावे, अशी त्यांची चाल मला जाणवते. तेथे वाक्याची लांबी आणि युक्तिवादाची पायरी यांचा संबंध तुटत नाही. ‘जागर’ किंवा ‘शिवरात्र’ यांतील एखादे पान वर्गात मोठ्याने वाचून मुलांना फक्त एवढेच विचारावे, की लेखक कोठे थांबला आणि तेथेच का थांबला. व्याकरणाचे चार तास जे शिकविणार नाहीत ते त्या एका प्रश्नाने कळते. नांदेडच्या मुलाला पीपल्स कॉलेजची इमारत ठाऊक असते. त्या इमारतीत मराठी वाक्य कसे घडले ते ठाऊक नसते, हे खेदाचे आहे.

आता शिक्षकबंधूंची अडचण. एका वर्गात साठ-साठ मुले, हाती अभ्यासक्रमाचा ढीग, वर निरनिराळ्या माहित्या भरण्याचे हुकूम. अशा स्थितीत वाक्यावाक्याकडे कोण पाहणार, ही त्यांची कैफियत खोटी नाही. पण या कामाला साठ वह्या तपासाव्या लागत नाहीत. मुलाने स्वतःचा परिच्छेद स्वतःच मोठ्याने वाचावा. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकावा आणि ठोका जेथे पुन्हा पुन्हा पडतो तेथे हात वर करावा. चूक कानाला प्रथम कळते. मग फळ्यावर त्यातली दोनच वाक्ये घ्यावीत आणि ती किती रीतींनी जोडता येतात, मोडता येतात, उलटता येतात ते सर्वांनी मिळून पाहावे. लाल शाईचा शेरा येथे लागत नाही. ‘हेच तू घरी आईला कसे सांगशील?’ एवढा प्रश्न लागतो.

दोन बाबतींत मात्र सावध राहिले पाहिजे. वैविध्याच्या नावाखाली मुलाच्या हाती सरकारी परिपत्रकाचे वाक्य येऊ नये. ‘वृक्षारोपण करण्यात आले, मान्यवरांचे स्वागत करण्यात आले, आभार मानण्यात आले’ या प्रकारात कर्ताच नाहीसा होतो; काम कोणी केले आणि न झाल्यास जबाब कोणी द्यावयाचा, ते कळत नाही. शाळेच्या अहवालांतून ही भाषा मुलांच्या वह्यांत उतरताना मी पाहिली आहे, आणि ‘आहे’च्या रांगेपेक्षा मला तिची धास्ती अधिक वाटते. दुसरे असे, की आपल्या सर्व मुलांची घरची बोली मराठी नाही. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू, उदगीरकडे कानडी, तांड्यांवर गोरमाटी, किनवटच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी. अशा मुलाला ‘आहे’चे आखूड वाक्य हा पाय रोवण्याचा दगड असतो. तो ओढून घेऊ नये. त्याने आधी चार वाक्ये निर्भयपणे लिहावीत, मग दोन जोडावीत. घाई केली तर ते मूल लिहिणेच सोडून देईल, आणि तो तोटा एकसुरीपणाहून मोठा.

त्या आठवीतल्या मुलाची वही मी त्याला परत दिली आणि मला जे बोललास तेच, फक्त पुस्तकी भाषेत, पुन्हा लिही, असे सांगितले. शब्द मी सुचविले नाहीत. अर्ध्या तासाने त्याने लिहून आणले : ‘यंदा सोयाबीन झकास आले. भाव नाही. पावसाने ओढ दिली तेव्हा विहिरीत होते नव्हते ते पाणी देऊन वडिलांनी ते कसे जगवले, हे मी पाहिले आहे.’ तीन वाक्ये. पहिले आनंदाचे, दुसरे दोन शब्दांचे, तिसरे बापाच्या श्रमाइतके लांब. ‘आहे’ त्यात एकदाच आला, आणि तो साक्षीदाराचा आहे. मी हे वर्गाला वाचून दाखविले, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने आपली वही पुढे पाठवून तीही वाचण्यास सांगितले.

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, की शनिवारच्या सकाळच्या शाळेतील एक तास त्यांनी पाचवीपासून दहावीपर्यंतच्या प्रत्येक वर्गाला या कामासाठी द्यावा. तासाला पाठ्यपुस्तक नको, गाइड नको, गुण नकोत. मुलाने स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर एक परिच्छेद लिहावा, मोठ्याने वाचावा आणि तो पुन्हा लिहावा. यासाठी शासनाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. वेळापत्रकात तेवढी दुरुस्ती करावी, आणि ती येत्या शनिवारपासून अमलात आणावी.